बाळ फार शांत आहे

या वेळी टपालात एकाच विषयाची, बाळांचं वजन न वाढण्याची आणि त्यांच्या उपासमारीची, पत्रं इतकी आली, की केस गळणं आणि दात येणं पुढच्या अंकावर ढकललं आहे. पत्रं थोडी आवरून घेतली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सात महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हा तीन किलोचा होता, आता जेमतेम साडेपाच. घरातले सगळे म्हणतात, बाळ किती गुणी, अजिबात रडत नाही. मला मात्र त्याच्याकडे बघवत नाही. बहीण दिवसभर पडून असते. बाटली उशीला टेकवून त्याच्या तोंडात देते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. तिचे यजमान कामासाठी बाहेर असतात. तिच्या सासूबाई म्हणतात, ‘आळशी आहे, मूल नकोच होतं तिला.’ मी काही बोलायला गेले की ती नुसती रडते. याला हेळसांड म्हणायचं का? मी कुठे कळवलं तर बहीण कायमची तुटेल का? — एक मावशी

उत्तर : मावशी, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला आहे. तरी इथे सविस्तर लिहिते, कारण असं ‘गुणी’ बाळ इतरही घरांत असणार.

आधी आकडे. पाचव्या महिन्याच्या आसपास बाळाचं वजन जन्माच्या दुप्पट होतं आणि वर्षाला तिप्पट. म्हणजे तुमच्या भाच्याने सहा किलो कधीच ओलांडायला हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये जे वाढीचे तक्ते काढले, त्यांत सात महिन्यांच्या मुलाचं मधलं वजन सव्वाआठ किलोच्या थोडं वर आहे आणि सगळ्यात खालची, धोक्याची रेघ सहा किलोच्या जरा खाली. साडेपाच म्हणजे त्या रेघेच्याही खाली. ‘अंगानेच बारीक आहे’ हे अशा वेळी कुणी म्हणू नये. हे तक्ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या, नीट दूध मिळालेल्या मुलांवरून केलेले आहेत. ‘आमच्या घराण्यात सगळे किरकोळच’ हे उत्तर त्यांच्यापुढे फारसं टिकत नाही.

आता त्याच्या शांतपणाबद्दल. भुकेलं बाळ रडतं हे खरं, पण सुरुवातीलाच. रडून कुणी येत नाही, पोटात काही जात नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं की शरीर काटकसरीला लागतं. हालचाल कमी, हसणं कमी, रडणं बंद. नाडी मंदावते, अंग लवकर गार पडतं. तुमचा भाचा गुणी नाही मावशी, तो दमला आहे. ओपीडीत कोपऱ्यात गप्प पडलेलं मूल दिसलं, की रांगेतली किंचाळणारी चार मुलं थांबवून मी त्याला आधी घेते.

त्याचे कपडे पूर्ण उतरवून, उजेडात नीट बघा. गुबगुबीत दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचं काहीच कळत नाही. मांडीच्या आतल्या बाजूची आणि कुल्ल्यांवरची कातडी सैल लोंबते आहे का? बरगड्या मोजता येतात का? डोक्याचा मागचा भाग चपटा होऊन तिथले केस झिजले आहेत का? म्हणजे ते सतत उताणं पडून असतं. दोन्ही पावलांवर अंगठा हळूच तीन सेकंद दाबून धरा. खड्डा तसाच राहिला तर ती सूज आहे, आणि सुजेमुळे वजन प्रत्यक्षाहून जास्त दिसतं. मग त्याच्या चेहऱ्यासमोर आपला चेहरा आणून बोला. डोळे तुमच्या मागे फिरतात का? दूध ओढेनासं झालं, हातपाय गार पडले, गुंगी आली, झटका आला, प्यायलेलं सगळं उलटून पडू लागलं, यातलं काहीही दिसलं तर उद्याची वाट न बघता त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं.

आणि घरी भरभरून पाजायला जाऊ नका. मायेपोटी माणसं नेमकं हेच करतात. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं, की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयावर ताण येतो. म्हणून हॉस्पिटलात अशा मुलांना सुरुवातीला एफ-75 नावाचं सौम्य दूध देतात. त्याच्या 100 मिलीलीटरमध्ये 75 किलोकॅलरी असतात आणि प्रथिनं मुद्दाम कमी ठेवलेली असतात. ते दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. मूल सावरलं, भूक परतली, की मग जास्त ताकदीचं अन्न. लोहाचं औषधसुद्धा सुरुवातीचे दिवस देत नाहीत. शिवाय ताप नसला तरी जंतुसंसर्ग आहे असं धरूनच चालतात, कारण इतक्या अशक्त मुलाच्या अंगात ताप येण्याचंही त्राण नसतं.

आता बहिणीकडे वळू. सासूबाईंनी तिला आळशी ठरवून टाकलंय. मी तिला पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण दिवसभर पडून राहणं, भिंतीकडे तोंड करणं, विचारलं की रडू फुटणं, हे वाचून मला बाळंतपणानंतरच्या नैराश्याची दाट शंका येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांपैकी सुमारे 13 टक्क्यांना मानसिक आजार होतो, आणि त्यात नैराश्य सगळ्यात जास्त. ते ओळखायला 1987 पासून एडिनबरा प्रश्नावली वापरतात. दहा साधे प्रश्न आहेत, पाच मिनिटांत होतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल आहे. तो तुम्ही तिला थेट विचारा, आणि बाळाला काही करावंसं वाटतं का, हेही विचारा. विचारल्याने डोक्यात असं काही शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बायका सुटल्यासारख्या बोलतात. उत्तर ‘हो’ आलं तर तिला आणि बाळाला त्या क्षणापासून एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

ही हेळसांड आहे का? बाळाच्या बाजूने पाहिलं तर आहे. त्याला लागतं ते त्याला मिळत नाही, मग कारण काहीही असो. पण दोष कुणाचा हा प्रश्न वेगळा आहे. आणि त्या घरात बहिणीखेरीज आणखी मोठी माणसं आहेत, हे विसरू नका. सात महिन्यांत ‘बाळ रडत कसं नाही’ हे त्यांच्यापैकी कुणीच विचारलं नाही. यजमानांनी वजनाचा कागद कधी उघडून पाहिलाय?

शक्य असेल तर तिथे राहायला जा. उपदेश घरी ठेवून जा. रात्रीचं एक पाजणं तुम्ही उचला, म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल. बाळाला मांडीवर, डोकं उंच धरून पाजा. उशीला टेकवलेल्या बाटलीने ठसका लागतो, कान फुटतात, आणि बाळाचं पोट भरलं का ते थकलं हे बघणारं समोर कुणीच नसतं. तुम्ही पाजायला लागलात आणि चार दिवसांत वजन चढलं, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यातून त्यांना बरंच कळतं.

राहिला कळवण्याचा प्रश्न. घरच्यांनी बाळाला दवाखान्यात न्यायला नकार दिला, किंवा नेऊन अर्ध्यावर परत आणलं, तर बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्या यंत्रणेला कळवायचं. तेव्हा बहिणीच्या रागाचा हिशेब करत बसायचं नाही. ती बरी झाल्यावर तुमच्याशी बोलेल की नाही, याची खात्री मी देऊ शकत नाही. बोलली नाही तरी कळवायचंच.

प्रश्न : आमची मुलगी चार महिन्यांची आहे, पावडरच्या दुधावर. महिनाभरात तिचं वजन जागचं हललं नाही. तपासायला नेली तर डॉक्टरबाईंनी मला नर्ससमोर बाटली बनवून दाखवायला लावली. मी इंजिनीअर आहे. वर ‘घरी कोण कोण असतं, पैशांची ओढाताण आहे का’ अशा चौकशा. आम्ही काय मुलीला उपाशी मारतो? फार अपमान वाटला. — एक वडील

उत्तर : त्या डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांगा. मी हेच करते, आणि इंजिनीअर असोत की डॉक्टर, सगळ्यांकडून करून घेते.

कारण या पाच मिनिटांत जे दिसतं ते रक्ताच्या कुठल्याच तपासणीत दिसत नाही. कुणी चमचा शिगोशीग भरतं, कुणी निम्मा. नवा डबा आला तरी जुन्या डब्यातलाच चमचा चालू असतो, आणि दोन कंपन्यांच्या चमच्यांचं माप सारखं नसतं. कुणी आधी पावडर टाकून वरून बाटलीच्या खुणेपर्यंत पाणी ओततं, म्हणजे माप चुकलंच. एका घरी वडील अगदी तंतोतंत बाटली बनवायचे आणि ते कामावर गेले की आजी त्यात निम्मं पाणी वाढवायच्या, ‘इतकं घट्ट लेकराला पचायचं नाही’ म्हणून. आजींना नात नकोशी नव्हती, जीव की प्राण होती. पण पाणी दुप्पट झालं की दुधाचा कस निम्मा होतो आणि बाळाचं इवलंसं पोट पाण्यानेच भरतं. जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येतात. याच कारणाने सहा महिन्यांच्या आत तहानेसाठी म्हणून वेगळं पाणी द्यायचं नसतं. आणि ‘लवकर बाळसं धरेल’ म्हणून पावडर वाढवणंही तितकंच वाईट. तेव्हा डब्यावर लिहिलं असेल ते माप, आधी पाणी, मग त्याच डब्यातला चमचा, सपाट करून.

पैशांबद्दल विचारलं, कारण महिनाअखेरीला डबा पुरवून पुरवून वापरणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांतली बरीच बाहेरून चांगली सुखवस्तू दिसत होती. लाज वाटते म्हणून कुणी सांगत नाही. तुमच्या घरी तसं नसेल तर ‘नाही’ म्हणायचं, विषय संपला.

बाकी, पहिल्या तीन महिन्यांत बाळ रोज साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढतं, पुढच्या तीन महिन्यांत 15 ते 20. वजन दर वेळी एकाच काट्यावर आणि बिनकपड्याचं करा, नाहीतर एक ओलं दुपटं सगळा हिशेब बिघडवतं. लघवीचा संसर्ग, हृदयाचा दोष, दुधाची ॲलर्जी यांमुळेही वजन थांबतं, आणि त्या डॉक्टरबाई तेही बघतील. पण बहुतेक बाळांच्या बाबतीत कारण तपासण्यांत सापडत नाही, पोटात रोज किती जातं या हिशेबातच सापडतं. आठवडाभर प्रत्येक बाटलीची वेळ, किती बनवलं, किती उरलं आणि कुणी पाजलं, हे लिहून न्या. तुमच्या शिक्षणाचा इथे खरा उपयोग आहे.

प्रश्न : आम्ही दोघं आहाराबाबत जागरूक आहोत. मुलगा दहा महिन्यांचा. आठव्या महिन्यापासून त्याला बदामाचं दूध, फळं आणि उकडलेल्या भाज्या देतो. तेल अजिबात नाही, नंतर लठ्ठ होऊ नये म्हणून. वजन थोडं उतरलंय आणि पावलं जरा भरल्यासारखी वाटतात. काळजीचं कारण आहे का? — सजग आईबाबा

उत्तर : आहे. पावलं भरलेली नाहीत, बहुधा सुजलेली आहेत. आजच दाखवा.

बदाम, तांदूळ, ओट यांपासून केलेली पेयं रंगाने दुधासारखी असतात, एवढंच. त्यांत प्रथिनं नगण्य असतात. त्यांवर वाढवलेल्या बाळांना प्रथिनांअभावी सूज आल्याच्या नोंदी अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांतही आहेत, आणि ती मुलं खात्यापित्या घरचीच होती. वर्षाच्या आत मुख्य दूध दोनच: आईचं, नाहीतर बाळांसाठी तयार केलेलं फॉर्म्युला. सोयाचं फॉर्म्युला वेगळं आणि मोठ्यांचं सोयापेय वेगळं, ही गल्लतही करू नका.

तेलाचं म्हणाल तर आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते. निसर्गाने काही बाळाला डाएटवर ठेवलेलं नाही. या वयात एका वेळी पोटात मावतं किलोमागे 30 मिलीलीटरच्या आसपास. तेवढ्या जागेत पाणीदार भाजी भरली तर बाळ पोट भरून उपाशी राहतं. नवव्या महिन्यापासून दिवसातून तीन-चार वेळा घट्टसर, चमच्यावरून घरंगळणार नाही असं अन्न द्या. त्यात डाळ, चालत असेल तर अंडं, आणि तेल हवंच. पूर्ण वनस्पतीजन्य आहारावरही मूल नीट वाढू शकतं, पण आईने आणि बाळाने बी-12 हे जीवनसत्त्व बाहेरून घ्यावं लागतं आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली चालावं लागतं. प्रेमात तुम्ही कुठेच कमी पडलेला नाहीत. माहिती मात्र डॉक्टरांना सोडून दुसरीकडूनच घेत आलात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. पोटच्या पोराला खायला घालता येत नसेल तर अशा आईबापांकडून मूल काढून घ्यावं आणि त्यांना तुरुंगात टाकावं. संस्थेत निदान दोन वेळा पोटभर मिळेल. तुमच्या सदरात नेहमी मऊ मऊ उत्तरं असतात. — स्पष्टवक्ते

उत्तर : गुरुजी, पोटभर मिळण्याबद्दल एक जुना प्रयोग सांगते. युद्धानंतर, 1948 मध्ये, ब्रिटिश आहारशास्त्रज्ञ एल्सी विडोसन जर्मनीतल्या दोन अनाथालयांतल्या मुलांची वजनं घेत होत्या. शिधा दोन्हीकडे सारखा. तरी सहा महिन्यांत एका घरची मुलं चांगली वाढली आणि दुसऱ्या घरची मागे पडली. मग ठरल्याप्रमाणे पहिल्या घराला जादा पाव, जॅम, संत्र्याचा रस सुरू झाला. आता ती मुलं आणखी पुढे जायला हवीत. झालं उलटंच. जादा अन्न मिळणारी मुलं मागे पडली आणि नुसत्या शिध्यावरची पुढे गेली. उलगडा असा झाला, की दुसऱ्या घरची कडक अधीक्षिका नेमकी त्याच सुमारास बदलून पहिल्या घरात आली होती. ऐन जेवणाच्या वेळी ती मुलांची सर्वांदेखत खरडपट्टी काढायची. अन्न गार व्हायचं, मुलं रडवेली व्हायची. तिची लाडकी आठ मुलं तिने सोबत आणली होती. ती मात्र छान वाढली. हा निबंध 1951 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ती मुलं तान्ही नव्हती, शाळेच्या वयाची होती. तान्ह्यांचं तर खाणं-पिणं सगळंच दुसऱ्याच्या हातात असतं.

तरीही तुमच्या म्हणण्यातलं निम्मं मला मान्य आहे. जाणूनबुजून उपाशी ठेवणारे, आजारी मूल घरात कोंडून ठेवणारे आईबाप मी पाहिले आहेत. मूल वॉर्डात धडाधड वजन धरतं, घरी गेलं की पुन्हा उतरतं आणि दर खेपेला नवी सबब असते. तिथे मी मऊ नसते. लेखी कळवते, साक्ष द्यायला जाते. अशी मुलं काढून घ्यावीच लागतात. पण वजन न वाढणाऱ्या मुलांत ती थोडी. बाकीच्यांच्या घरी आजारपण असतं, बेकारी असते, एकटी आई असते, दारू असते, नाहीतर नुसतं अज्ञान. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात कलम 19 मुलाला हेळसांडीपासून संरक्षण देतं, आणि त्याच करारात कलम 27 सांगतं, की गरज पडेल तिथे सरकारने आईबापांना अन्न, वस्त्र, निवाऱ्यासाठी मदत करावी. लोक पहिलं कलम मोठ्याने वाचतात. आईला तुरुंगात टाकाल, तर त्या रात्री दोन वाजता बाळाला कोण पाजणार, हे आधी ठरवून मला कळवा.

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षाची मुलगी दत्तक आली आहे. पहिल्या वर्षात तिचे खाण्याचे हाल झाले होते. आता वजन भरतंय, पण अजून बोलत नाही. खायला बसली की उलटी होईपर्यंत खाते आणि घास गालात धरून ठेवते. मेंदूचं नुकसान कायमचं का? — नवी आई

उत्तर : काही नुकसान राहतं, पण पुष्कळसं भरूनही निघतं, आणि त्याला अन्नाच्या जोडीला खेळ लागतो. जमैकात किंग्स्टनला सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी 9 ते 24 महिन्यांची, वाढ खुंटलेली 129 मुलं घेतली. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जायची आणि आईला मुलाशी खेळायला शिकवायची. घरच्या टाकाऊ वस्तूंची खेळणी, गप्पा, वस्तूंची नावं. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. विशीनंतर पुन्हा पाहिलं तेव्हा खेळाचा लाभ झालेल्यांची कमाई तो न झालेल्यांपेक्षा 25 टक्के जास्त निघाली.

तुमच्या मुलीला अजून भरवसा नाही की पुढचं जेवण येणारच आहे. म्हणून ती साठवते. जेवणाच्या वेळा घड्याळावर ठेवा आणि दोन जेवणांच्या मध्ये ठरलेलं छोटं खाणं द्या. ताटलीत थोडं वाढा, पण पुन्हा मागितलं तर द्या, आणि घास गालात धरला म्हणून रागावू नका. फक्त झोपण्याआधी तोंड रिकामं आहे ना, एवढं बघा, नाहीतर घास घशात अडकायचा. उलट्या महिनाभरात कमी झाल्या नाहीत तर दाखवा. बोलत नाही म्हणता, तर कानांची तपासणी आधी करून घ्या. वजनाच्या नोंदी आहेतच, डोक्याच्या घेराच्या जुन्या नोंदी संस्थेकडून मिळतात का पाहा आणि मला पाठवा. मग नीट सांगता येईल.